सत्तूर सगळ्यात शेवटी

आधी एक कबुली. माझी डॉक्टरेट कापण्यावर आहे. म्हणजे धातू कापण्यावर. जर्मनीत आखेनला साडेचार वर्षं मी एकच उद्योग केला. लेथवरचं हत्यार कापता कापता कसं झिजतं, त्याची धार नेमकी कुठून ढासळते, हे मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. त्यावर दीडशे पानांचा प्रबंध लिहिला, चार प्रोफेसरांसमोर उभं राहून त्याचं समर्थन केलं, आणि नावाआधी 'डॉक्टर' लावून घेतलं. असा हा माणूस जुलै २०२३ मध्ये मनामातल्या आपल्या स्वयंपाकघरात एका मेंढ्यासमोर उभा राहिला आणि त्याला मांडी धडापासून वेगळी करता आली नाही.

झालं असं की आखाड जवळजवळ संपत आला होता. आम्ही चार मराठी घरं एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे आखाडातला 'रविवार' आम्ही शुक्रवारी साजरा करतो. चौघांनी वर्गणी काढली, एक मेंढा घेतला, तो कत्तलखान्यात रीतसर कापून-सोलून घेतला आणि अख्खं धड घरी आणलं. कल्पना माझीच. "कसायाकडून तुकडे कशाला करून घ्यायचे? आपण करू की! गावाकडे नाही का करत?" अशी फुशारकी मारून मी बाजारातून एक दणदणीत सत्तूर विकत आणला होता.

पुढचे दोन तास फारसे सांगण्यासारखे नाहीत. ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर प्लॅस्टिकचा बोर्ड. पहिल्याच घावाला बोर्ड घसरला. दुसऱ्या घावाला सत्तूर मांडीच्या हाडात रुतून बसला. तिसऱ्याला पात्याची कपची उडाली. मग मी चिडलो आणि नुसते घाव घालत सुटलो. संध्याकाळपर्यंत धडाचे तुकडे झाले खरे, पण त्याला 'तुकडे' म्हणणं म्हणजे अपघाताला 'पार्किंग' म्हणण्यासारखं होतं.

रात्री जेवणं चालू असताना मित्राचा पाच वर्षांचा मुलगा किंचाळला. रश्श्यातल्या हाडाची सुईसारखी कपची त्याच्या हिरडीत घुसली होती. हॉस्पिटल, भूल देणारं इंजेक्शन, चिमटा, दोन टाके. मुलगा तासाभरात पुन्हा हसायला लागला. मित्र काही बोलला नाही, त्याची बायको तर उलट "अहो, होतं असं" म्हणाली. पण ती कपची माझ्या हाताने तयार झाली होती. कापण्यात डॉक्टरेट केलेल्या हाताने!

त्या रात्रीपासून या विषयावर माझं एक ठाम मत झालं आहे, ते आज मांडतो. मटण खाणाऱ्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी अख्खं धड स्वतःच्या हाताने, नीट शिकून, योग्य हत्याराने सोडवावं. आणि योग्य हत्यार म्हणजे सत्तूर नव्हे. सत्तूर सगळ्यात शेवटी.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट लगेच स्पष्ट करतो. मी जनावर घरी *मारा* असं म्हणत नाहीये. ते काम शिकलेल्या माणसाचं आणि कत्तलखान्याचं. भारतात २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे शहरी हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला मनाईच आहे. इथेही बकरी ईदेला लोकांनी अधिकृत कत्तलखान्यातच जावं यावर भर असतो. यामागे नुसती सरकारी कटकट नाही. तिथे पशुवैद्य जनावर आधी आणि नंतर तपासतो. काळजात-फुप्फुसात फितकृमीच्या पाण्याच्या गाठी असतील तर तो भाग बाद होतो. आपण घरी कापून तो कुत्र्यांना टाकला, तर त्या कृमीचं चक्र आपणच पुढे चालू ठेवतो. काँगो तापासारखा आजार तर जनावराच्या ताज्या रक्तातून माणसाला होऊ शकतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, नवशिक्याच्या हाताखाली जनावराचे हाल होतात. इस्लामी परंपरेत सुरी धारदार असावी, जनावराला ताटकळत ठेवू नये, त्याच्यासमोर धार लावत बसू नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. हत्यार निवडण्याची ही पहिली कसोटी मला फार पटते. बोथट सुरी ही आधी क्रूर असते आणि मग गैरसोयीची.

तेव्हा मारणं त्यांच्यावर सोडा. फोडणं मात्र आपल्या ओट्यावर होऊ शकतं.

तर त्या फजितीनंतर मी मनामाच्या सेंट्रल मार्केटमध्ये जायला लागलो. भाजी, मासे आणि मटण अशा मोठमोठ्या दालनांचा हा बाजार. तिथल्या एका गाळ्यावर चट्टग्रामचे एक चाचा आहेत, साठीला आलेले. त्यांच्याकडे मी काही महिने दर शुक्रवारी सकाळी नुसता उभा राहायचो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "क्या चाहिए साब?" म्हटलं, "देखना है." ते हसले. त्यांना वाटलं म्युनिसिपालिटीचा माणूस आहे.

त्यांची सुरी बघून मी चाटच पडलो. जेमतेम वीतभर पातं, तेही वर्षानुवर्षं घासून बोटाएवढं अरुंद झालेलं. या सुरीने ते दहा-बारा मिनिटांत एका धडाचे मोठे भाग सुटे करायचे आणि एकाही हाडावर घाव घालायचे नाहीत. मी त्यांना माझ्या सत्तुराची कथा सांगितली, तेव्हा ते जे म्हणाले ते मी अजून विसरलो नाही. "साब, हड्डी से झगड़ा क्यों करता है? हड्डी काटने का नहीं, जोड़ खोलने का."

साडेचार वर्षं आखेनमध्ये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धातूला सांधे नसतात, जनावराला असतात. एवढा साधा फरक!

मेंढ्याच्या पुढच्या पायाचंच बघा. खांद्याचं ते फावड्यासारखं चपटं हाड, म्हणजे आपण ज्याला फरा म्हणतो तो भाग, धडाला *कोणत्याही हाडाने जोडलेला नसतो*. माणसाला गळपट्टीचं हाड असतं, मेंढीला ते नाही. तिचा पुढचा अख्खा पाय नुसत्या स्नायूंनी बरगड्यांवर टांगलेला असतो. पाय उचलून धरा, काखेतून सुरीचं टोक फिरवा, पांढऱ्या पडद्याच्या मागे मागे जा, फरा हातात येतो. घाव शून्य. मागच्या मांडीचा खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. आत वाटी, वाटीत गोळा, आणि दोघांना धरून ठेवणारी एक चिवट दोरी. मांडी मागे वाकवली की गोळा वर येतो, ती दोरी कापली की 'टक्' असा आवाज होऊन मांडी सुटते. मी २०२३ मध्ये याच्या तीन बोटं खाली मांडीच्या नळीवर सत्तुराचे घाव घालत होतो. मेंढ्याच्या शरीरातल्या सगळ्यात दणकट हाडांपैकी एकावर!

म्हणजे सत्तूर हे बऱ्याचदा ताकदीचं नाही, अज्ञानाचं हत्यार असतं. वाट माहीत नसली की माणूस भिंत फोडतो.

आता हत्यारांकडे येतो. (इंजिनिअर आहे, यादी दिल्याशिवाय राहवत नाही.)

पहिली आणि खरं म्हणजे मुख्य वस्तू: तेरा ते पंधरा सेंटीमीटरची, निमुळत्या अरुंद पात्याची सुरी. पातं अरुंद हवं म्हणजे सांध्यात वळतं. पोलाद फार कडक नको. आखेनहून रेल्वेने झोलिंगेनला जाता येतं. १९३८ पासून या गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, दुसरीकडे बनवलेल्या सुरीवर ते नाव घालता येत नाही. तिथल्या बहुतेक सुऱ्यांचं पोलाद साधं असतं: सुमारे अर्धा टक्का कार्बन, पंधरा टक्के क्रोमियम, वर चिमूटभर मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. रॉकवेल मापाने कडकपणा साधारण ५५ ते ५८. जपानी सुऱ्या साठच्या वर जातात. त्यांची धार जास्त टिकते, पण हाडाला बाजूने घासल्या की काचेसारख्या कपचा उडतात. मासळीला त्या उत्तम, मेंढ्याला नको. आपल्याला अशी सुरी हवी की जी हाडाला लागली तर तुटण्याऐवजी थोडी वाकेल, आणि दोन मिनिटांत पुन्हा सरळ करता येईल. शिवाय मूठ लाकडाची गुळगुळीत नको, चरबीच्या हातातून निसटते. खरबरीत प्लॅस्टिकची स्वस्त मूठ इथे श्रीमंत मुठीपेक्षा बरी.

दुसरी वस्तू: पोलादी सळई. बरेच लोक समजतात की सळईवर सुरी घासली की धार *लागते*. तसं नाही. वापरताना धारेची अगदी बारीक कड एका बाजूला मुडपते, सळई ती सरळ करते. धार लावायची ती दगडावर, महिन्या-दोन महिन्यांनी. चाचा दर पाच मिनिटांनी सळईवर दोन हात मारतात. मी आधी ते सवय म्हणून करत असतील असं समजलो होतो.

तिसरी: लाकूड. काच आणि ग्रॅनाइट हे सुरीचे शत्रू, एका घावात धार जाते. आपल्याकडच्या खाटकांचा चिंचेच्या बुंध्याचा ओंडका तुम्ही पाहिला असेल. चिंचेचं लाकूड घट्ट, चिवट, लवकर न चिरणारं. त्यात तो ओंडका उभ्या रेषांचा असतो, म्हणजे पातं लाकडाच्या तंतूंच्या मध्ये शिरतं, तंतू कापत नाही. लाकूड अस्वच्छ असतं असं आपल्याला हल्ली वाटतं. डीन क्लायव्हर नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९९० च्या दशकात याचीच परीक्षा केली. लाकडाने जंतू आत ओढून घेतले आणि ते तिथे वाढण्याऐवजी मरत गेले. उलट सुरीचे चरे पडलेलं प्लॅस्टिक साफ करणं अवघड गेलं. अर्थात लाकूडसुद्धा घासून, धुऊन, खडखडीत वाळवायला हवंच.

चौथी: डाव्या हातासाठी स्टीलच्या कड्यांचा जाळीचा हातमोजा. (डावखुऱ्यांनी उजव्या.) याला हसू नका. सुरी हाडावरून घसरते तेव्हा ती दुसऱ्या हाताकडेच जाते. आणि घसरते बोथट सुरी, कारण तिला जोर लावावा लागतो.

पाचवी: बारीक दातांची करवत. पाठीचा कणा उभा चिरायचा असेल तर. करवतीने हाडाचा भुसा पडतो, तो ओल्या फडक्याने पुसून काढायचा. पण भुसा पुसता येतो, कपच्या शोधता येत नाहीत. हा धडा मी दोन टाक्यांना विकत घेतला आहे.

आणि सहावा, शेवटचा, सत्तूर. त्याला मी हद्दपार करत नाही, तो अन्याय होईल. इथले बहारिनी लोक अख्खा मेंढा भात-अंडी-कांदा भरून शिजवतात, त्याला घूझी म्हणतात. मचबूसच्या भातातही मोठमोठे तुकडे घालतात. त्यांचं सुरीवर भागतं. आपल्याला रस्सा हवा असतो, आणि रश्श्याला नळी फुटलेली हवी, तिच्यातला मगज उतरायला हवा. तिथे सत्तुराला पर्याय नाही. फक्त त्याची पाळी सगळे सांधे सुटल्यावर येते. तेव्हा तुकडा लहान झालेला असतो, ओंडक्यावर सपाट बसतो, आणि *एक* घाव पुरतो. कपच्या होतात त्या एकाच जागी तीन-चार अर्धवट घाव बसले की. आणि सत्तूर विकतच्या चकचकीत पोलादाचा नको. गावचा लोहार ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून जो बनवतो, तो आणा. स्प्रिंगचं पोलाद धक्के खायलाच जन्माला आलेलं असतं.

एक राहिलं. वेळ. मेंढा कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात आणि दिवसभराने पुन्हा सैल पडतात. गावाकडे आपण कापल्या कापल्या चुलीवर चढवतो, ते ताठरण्याच्या आधीचं, म्हणून मऊ लागतं. एक दिवस थंडाईत टांगून ठेवलेलं, तेही मऊ. पण गरम मांस थेट फ्रीजरमध्ये कोंबलं तर ते आखडून वातड होतं. याचं शास्त्र १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी मांडलं. जुलैत इथे चाळीसच्या वर पारा, त्यामुळे आम्ही घाबरून पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं. कपच्या नसत्या तरी ते मटण चामड्यासारखंच लागलं असतं! आता धड एक रात्र कत्तलखान्याच्या शीतगृहात राहतं आणि सकाळी बर्फात घरी येतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? चौकातला खाटीक दहा मिनिटांत करून देतो, पैसे देऊन मोकळं व्हावं. अगदी हेच माझे वडील म्हणाले होते. आम्ही जत तालुक्यातले, माडग्याळच्या मेंढ्यांच्या मुलखातले. मी फोनवर उत्साहाने सुरीचं कौतुक सांगायला लागलो तर आप्पा म्हणाले, "अरे, एवढा शिकून परदेशात गेलास ते ह्यासाठी व्हय? हे काय आपलं काम हाय?"

'आपलं काम.' खरी गोम इथे आहे.

लहानपणी अभ्यास टाळला की मला धमकी मिळायची, "शिकला नाहीस तर सत्तूर घेऊन चौकात बसशील." तुमच्याही घरात असंच काहीतरी म्हटलं गेलं असेल. रविवारी सकाळी ज्या माणसासमोर आपण पिशवी घेऊन रांग लावतो, "भाऊ, जरा चाप द्या, थोडी कलेजी टाका" म्हणून आर्जव करतो, तोच माणूस आपल्या पोरांसाठी आपण भीती म्हणून वापरतो. मांस चालतं, मांस सोडवणारा हात चालत नाही. त्या हाताला जात आहे, आणि ती आपली नाही, याचं आपल्याला बरं वाटतं. इतकं साधं आणि इतकं लाजिरवाणं आहे ते.

आणि ही शिकवण आपल्याला कुठून मिळाली कोण जाणे, आपल्या थोरामोठ्यांकडून तरी नक्कीच नाही. महाभारताच्या वनपर्वात तपाचा गर्व झालेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेत पाठवलं जातं, तेव्हा तो एका मांसविक्रेत्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहतो. तो धर्मव्याध. आणि आपला विठोबा? सजन कसायाला मांस विकू लागणारा देव म्हणून तुकोबांनी त्याचं कौतुक केलेलं आहे. देवाला त्या गाळ्यावर उभं राहायला कमीपणा वाटला नाही. आमच्या आप्पांना, आणि खरं सांगायचं तर त्या चाचांकडे जायच्या आधी मलाही, वाटत होता.

शिवाय आपलं काम नाही म्हणावं, तर तेही खोटं. माझी आजी जत्रेच्या दिवशी विळी पायाखाली धरून किलो किलो मटण बारीक करायची. (विळी हे किती हुशार हत्यार आहे बघा. पातं स्थिर, आणि मांस धरायला दोन्ही हात मोकळे. लेथवरही हत्यार जागेवर असतं आणि काम फिरतं!) म्हसोबाच्या जत्रेला गावात पाच-सात घरं मिळून बकरं घ्यायची आणि वाटे घालायची. केळीच्या पानांवर सारखे ढीग, प्रत्येक ढिगात थोडी मांडी, थोडा सीना, थोडी गर्दन, एक नळी. मग एकाला पाठ करून उभं करायचं आणि ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" तो नाव घेईल त्याचा तो वाटा. तक्रारीला जागाच नाही. सगळ्या जनावराचा हिशेब सगळ्यांसमोर लागायचा. मुंडी, पाय, वजडी, काहीच वाया जायचं नाही.

दुकानातल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये हा हिशेब दिसत नाही. आखाती देशात तर अजिबातच नाही. या बेटावर मेंढ्या जहाजाने आणि विमानाने येतात. २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत इथे सरकारी अनुदानामुळे मटण किलोला एक दिनार होतं. अनुदान काढलं, नागरिकांना रोख भरपाई मिळाली, आमच्यासारख्या परक्यांना नाही. तेव्हा कुठे अनेकांना कळलं की मटणाला खरी किंमत असते. त्याआधी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातून मेंढ्या घेऊन आलेलं 'ओशन ड्रोव्हर' जहाज बहारीनने रोगाच्या संशयावरून परत पाठवलं. ते कराचीला गेलं, आणि तिथे वाद होऊन सुमारे एकवीस हजार मेंढ्या अत्यंत निर्दयपणे मारून पुरल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणं १ मे २०२८ पासून बंद करायचं ठरवलं आहे. मी हे सगळं बातम्यांत वाचलं असतं आणि पान उलटलं असतं. अख्खं धड हाताखाली आल्यावर मात्र 'एकवीस हजार' हा आकडा वाचताना हाताला वजन जाणवतं.

म्हणून म्हणतो, एकदा तरी करा. शाकाहारी मंडळींशी माझं भांडण नाही, त्यांनी आपला हिशेब आधीच मिटवलाय. आणि धड सोडवताना कुणाला मांसच नकोसं झालं, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. माझा आक्षेप आहे तो मान वळवून पिशवी पुढे करण्याला.

गेल्या वर्षी, म्हणजे १८ जुलै २०२५ च्या शुक्रवारी, आम्ही चौघांनी पुन्हा वर्गणी काढली. अठरा किलोचं धड. सकाळी सातला सुरुवात, साडेनऊला आवरलं. चाचांकडून तासून आणलेली सुरी, कडुनिंबाचा जाड पाट, करवत फक्त कण्यासाठी. सत्तूर सव्वानऊला हातात घेतला. दीड किलो चरबी निघाली, दीड किलो मोकळी हाडं सुपासाठी गेली, आणि पावणेचार-पावणेचार किलोचे चार वाटे पडले. केळीची पानं मिळाली, तीही सेंट्रल मार्केटमध्येच.

पाठ करून उभं राहायला मित्राचा तोच मुलगा. आता सात वर्षांचा. "हा कुणाचा?" म्हटलं की जोरात एकेक नाव घेत होता. जेवताना त्याने नळी मागितली. त्याच्या आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी ती नळी तिच्या ताटातून उचलली, कडेवरून बोट फिरवून बघितलं आणि मुलाला दिली.

रात्री आप्पांचा फोन आला. कुणीतरी त्यांना फोटो पाठवले होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, पावसाचं सांगितलं. मग म्हणाले, "फरा चांगला सोडवलायस. आमच्या वेळेला आबा असाच सोडवायचे." माझे आजोबा धड सोडवायचे, हे मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

असो. येत्या रविवारी मटणाच्या रांगेत उभे राहाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि खाटकाच्या हातांकडे बघा. तो आधी काय उचलतो, सुरी की सत्तूर, तेवढं फक्त पाहा. आधी सुरी उचलणारा भेटला तर ते दुकान सोडू नका, आणि जमलं तर त्याला विचारा, शिकवाल का म्हणून.